ट्रॅक्टरवरील सूचक दिवे व त्यांचा अर्थ

बैल रवंथ करीनासा झाला किंवा त्याची नाकपुडी कोरडी पडली, म्हणजे जनावर बरें नाहीं, हें आमच्या शेतकऱ्यास कोणी सांगावें लागत नाहीं. ट्रॅक्टरच्या पोटांतील बिघाड मात्र असा बाहेरून दिसत नाहीं. तो कळविण्याचें काम चालकासमोरील डॅशबोर्डवरचे लहान दिवे करितात. ऐन वाफशांत एखादा दिवा पेटला, तर 'एवढा तास संपवूं, मग पाहूं' असें म्हणून पुढें जाण्याची चाल पुष्कळ ठिकाणीं आहे. त्या एका तासापायीं सबंध इंजिन उघडण्याची पाळी येते व हंगाम हातचा जातो. म्हणून या दिव्यांचा अर्थ आम्ही येथें थोडक्यांत देत आहों.

प्रथम रंग पाहावा. तांबडा दिवा म्हणजे ताबडतोब थांबा. पिवळा म्हणजे बिघाडाची सुरुवात आहे, लवकर लक्ष द्या. हिरवा व निळा हे केवळ एखादी गोष्ट चालू असल्याच्या खुणा होत. मोटारगाडीसही हाच नियम लागू आहे.

दुसरें असें कीं, न पेटलेला दिवा म्हणजे निरोगी यंत्र, असें समजूं नये. किल्ली फिरवितांच, इंजिन सुरू होण्यापूर्वीं, तेलाचा व बॅटरीचा दिवा पेटला पाहिजे. आणि इंजिन सुरू झाल्यावर कांहीं सेकंदांत विझला पाहिजे. मुळींच न पेटल्यास दिवा जळाला आहे किंवा तार तुटली आहे असें समजून तो आधीं दुरुस्त करावा. मुका झालेला राखणदार नसल्यासारखाच.

तेलदाणीचें चित्र असलेला तांबडा दिवा सर्वांत महत्त्वाचा. तो तेलाची पातळी नव्हे, तर तेलाचा दाब दाखवितो. फिरता क्रँकशाफ्ट व त्याचें बेअरिंग यांचेमध्यें तेलाचा पातळ थर असतो, म्हणून धातूस धातु लागत नाहीं. दाब गेला कीं हा थर तुटतो व थोडक्याच वेळांत बेअरिंग घासून जातें. म्हणून बांधापर्यंतही न जातां इंजिन जागींच बंद करावें. दहा मिनिटें थांबून, ट्रॅक्टर सपाटीवर असतां, तेलाची पट्टी पाहावी. तेल कमी असल्यास भरावें. पातळी पूर्ण असूनही दिवा पेटला असेल, किंवा तेल भरल्यावरही तो विझत नसेल, तर पंप, गाळणी अथवा दाबाचा खटका यांत दोष असूं शकतो. मिस्त्रीनें दाब मोजून पाहीपर्यंत इंजिन चालवूं नये.

उष्णतेचा कांटा तांबड्या भागांत जाण्याचा प्रकार मळणीच्या वेळीं विशेष घडतो. कारण भुसा रेडिएटरच्या जाळीवर बसून वारा अडवितो. अशा वेळीं भार काढून इंजिन मंद गतीनें कांहीं मिनिटें चालू द्यावें व मग बंद करावें. पाणी गळत असेल किंवा पट्टा तुटला असेल, तर मात्र तत्क्षणीं बंद करावें. तापलेल्या रेडिएटरचें टोपण उघडूं नये. आंतील पाणी दाबाखालीं असल्यामुळें शंभर अंशांवरही उकळत नाहीं. टोपण सैल होतांच तें वाफेसह उसळतें व तोंड, हात भाजतात. तापल्या इंजिनांत थंड पाणी ओतल्यास लोखंडास तडा जाण्याचें भय असतें.

बॅटरीचा दिवा पेटला तरी जुन्या पद्धतीचें डिझेल इंजिन चालत राहतें, म्हणून त्याकडे कोणी पाहत नाहीं. परंतु पुष्कळ ट्रॅक्टरांत अल्टरनेटर, पंखा व पाण्याचा पंप हे एकाच पट्ट्यावर फिरतात. पट्टा तुटला असेल तर पाठोपाठ इंजिन तापणार. यास्तव हा दिवा दिसतांच इंजिन बंद करून प्रथम पट्टा पाहावा.

१ जानेवारी २०२३ पासून ५० अश्वशक्तींहून मोठ्या नव्या ट्रॅक्टरांस धुराविषयींचे कडक नियम लागू झाले. अशा ट्रॅक्टरांत इंधनपुरवठा प्रायः संगणकाच्या ताब्यांत असतो, व त्यांवर इंजिनाच्या आकाराचा पिवळा दिवा दिसतो. तो पेटल्यास कार्यशाळेंत नोंद वाचवून घ्यावी. बॅटरीची तार काढून दिवा विझविण्याची युक्ति कांहीं लोक करितात. तिनें नोंद पुसली जाण्याचा संभव असतो, बिघाड मात्र तसाच राहतो.

शेवटीं मालकांस एक विनंति. ट्रॅक्टरवर बहुधा पगारी चालक असतो. काम थांबविल्यास बोलणीं बसतील, या भीतीनें तो पेटलेला दिवा पाहूनही पुढें जातो. दिवा पाहून थांबणाऱ्यास बोल लावूं नये, हें त्यास आधींच सांगून ठेवावें. अर्ध्या दिवसाची खोटी पत्करली, तरच पुढील हंगाम साधतो.