तोंडी हुकूम, लेखी हिशेब

११ फेब्रुवारी २०२२ रोजी चांदूर बाजारच्या न्यायालयाने राज्याचे तत्कालीन राज्यमंत्री बच्चू कडू यांना दोन महिन्यांची कैद आणि पंचवीस हजार रुपये दंड सुनावला. २०१४ च्या विधानसभा निवडणुकीच्या शपथपत्रात मुंबईतल्या एका सदनिकेची माहिती दिली नाही, अशी तक्रार होती आणि ती चांदूर बाजारच्याच एका नगरसेवकाने केली होती. कडू याच तालुक्यातल्या बेलोऱ्याचे. आमदार म्हणून त्यांची चौथी टर्म, वर मंत्रिपद. तरीही घरापासून हाकेच्या अंतरावरच्या कोर्टात त्यांना उभे राहावे लागले. अशा निकालावर वरच्या न्यायालयात दाद मागता येते आणि शेवटचा शब्द तिथलाच असतो. त्यामुळे कडू दोषी की निर्दोष, हा या लेखाचा विषय नाही. विषय आहे तो त्या कागदाचा. मंत्र्याला तालुक्याच्या कोर्टात आणण्याची ताकद एका शपथपत्रात कुठून आली?

ती आली सर्वोच्च न्यायालयाच्या २ मे २००२ आणि १३ मार्च २००३ च्या निकालांतून. उमेदवाराने आपली मालमत्ता, शिक्षण आणि गुन्ह्यांची माहिती मतदारांसमोर लेखी मांडलीच पाहिजे, असे त्या निकालांनी ठरवले. राजकीय पक्षांना ते नको होते. त्याआधी पुढाऱ्याची मालमत्ता पारावरच्या गप्पांत मोजली जायची आणि तिथेच विरायची. शपथपत्र आले आणि गप्पांचे रूपांतर तक्रारीत होऊ शकले.

वऱ्हाडात अन्याय कमी झालेले नाहीत आणि ते सगळे एका जातीचेही नाहीत. पण गेल्या शंभर वर्षांचा आढावा घेताना एक धागा सारखा हाती येतो. गरिबाला प्रत्येक गोष्टीसाठी कागद दाखवावा लागतो आणि सत्ता मात्र तोंडी चालते. सत्तेला जिथे जिथे लिहून द्यावे लागले, तिथे तिथेच ती जाब द्यायला सापडली.

कागदाचा जुना धाक

गाडगेबाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या शेंडगावचा. लहानपणी डेबूजी या नावाने ते मामाकडे दापुऱ्याला वाढले. मामाला अक्षरओळख नव्हती. सावकाराने कर्जाच्या कागदावर अंगठा घेतला, फेडलेले पैसे हिशेबात धरले नाहीत आणि पिकती जमीन घशात घातली. ही हकीकत त्यांच्या चरित्रांतून वऱ्हाडाला ठाऊक आहे. जमिनीचा ताबा घ्यायला सावकार आला तेव्हा नांगर धरून आडवा उभा राहिलेला तरुण डेबूजी पुढे आयुष्यभर लोकांना सांगत राहिला की ताटवाटी विका पण पोरांना शिकवा. त्या सांगण्यामागे हा अंगठा होता. कागद कुणाच्या हातात आहे आणि तो वाचता कुणाला येतो, यावर शेत राहील की जाईल हे ठरत होते.

त्याच जिल्ह्यातल्या पापळचे डॉ. पंजाबराव देशमुख यांनी हा प्रश्न कायद्याच्या अंगाने धरला. १९२७ मध्ये अमरावतीच्या अंबादेवी मंदिरात अस्पृश्यांना प्रवेश मिळावा यासाठी चळवळ उभी राहिली. त्या नोव्हेंबरमध्ये अमरावतीत भरलेल्या परिषदेचे अध्यक्ष डॉ. बाबासाहेब आंबेडकर होते. पंजाबराव स्वतः प्रतिष्ठित मराठा घराण्यातले, पण ते सत्याग्रहाच्या बाजूने उभे राहिले. १९३० नंतर मध्य प्रांत-वऱ्हाडचे मंत्री असताना त्यांनी कर्ज लवादाच्या कायद्यासाठी झटून काम केले. सावकाराने आपला हिशेब लवादासमोर मांडावा आणि तडजोड तिथे व्हावी, ही त्यातली मूळ कल्पना. हिशेब दाखवण्याचे ओझे वरच्या माणसावर आले. १९३२ मध्ये त्यांनी शिवाजी शिक्षण संस्था काढली, तीही याच विचाराच्या पोटी.

देवळाचे दार आणि सावकाराची वही, दोन्ही ठिकाणी अधिकार परंपरेच्या नावाने चालत होता. कुणी लिहून दिलेला नव्हता, म्हणून कुणाला विचारताही येत नव्हता.

खामगावच्या ठाण्यातली नोंद

२००६ चा उन्हाळा. विदर्भातल्या शेतकरी आत्महत्यांनी देश हादरला होता. अवैध सावकारीविरुद्ध तक्रारी घ्या, असे सरकारच सांगत होते. खामगावचे तत्कालीन आमदार दिलीप सानंदा यांच्या कुटुंबाच्या सावकारीविरुद्ध शेतकऱ्यांनी तक्रारी केल्या. तेव्हा तत्कालीन मुख्यमंत्री विलासराव देशमुख यांच्या कार्यालयातून खामगाव पोलीस ठाण्यात फोन आला. सांगणे असे, की या कुटुंबाविरुद्ध गुन्हा नोंदवू नका.

असे फोन आपल्याकडे नवे नाहीत. नवे होते ते पुढचे. ठाण्यात बसलेल्या पोलिसाने तो फोन स्टेशन डायरीत लिहून ठेवला. कुणाचा फोन आला आणि काय सांगितले, हे सगळे त्या नोंदीत आले. पुढे जिल्हाधिकाऱ्यांनाही, या कुटुंबाविरुद्धच्या तक्रारी आधी सावकारीविरोधी समितीपुढे ठेवा आणि सरकारी वकिलाचे मत घ्या, अशा सूचना गेल्या. इतर कुणाविरुद्धच्या तक्रारींना ही वळणाची वाट नव्हती.

एक शेतकरी उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठात गेला, तेव्हा ती डायरी न्यायमूर्तींसमोर आली. खंडपीठाने २००९ मध्ये राज्य सरकारला पंचवीस हजारांचा खर्च भरायला सांगितला. सरकार हे मान्य न करता सर्वोच्च न्यायालयात गेले. १४ डिसेंबर २०१० रोजी सर्वोच्च न्यायालयाने तो खर्च वाढवून दहा लाख केला आणि मुख्यमंत्र्यांच्या हस्तक्षेपावर कडक ताशेरे ओढले.

या निकालाची दुसरी बाजूही पाहिली पाहिजे. दहा लाख भरायचे होते ते राज्याने, म्हणजे तुमच्या-माझ्या करातून. फोन ज्यांच्या नावाने गेला, ते तोवर केंद्रात मंत्री होते. दोष व्यक्तीचा आणि भुर्दंड तिजोरीला, हे आपल्या उत्तरदायित्वाचे जुने दुखणे इथेही सुटले नाही. तरी खामगावने एक गोष्ट सिद्ध केली. सर्वांत वरच्या खुर्चीचा तोंडी हुकूमसुद्धा सर्वांत खालच्या टेबलावरच्या एका प्रामाणिक नोंदीने उघडा पडतो. डायरीत लिहिणारा तो पोलीस माझ्या लेखी या सगळ्या कहाणीतला मोठा माणूस आहे.

पात्र आणि अपात्र

आता त्याच २००६ सालचा दुसरा कागद पाहू. आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याच्या कुटुंबाला एक लाख रुपये द्यायचे, असे राज्याने ठरवले. तीस हजार हातात आणि सत्तर हजार ठेवीत. पण त्यासाठी कुटुंबाने ‘पात्र’ ठरायला हवे. जमीन मृताच्या किंवा कुटुंबातल्या कुणाच्या नावावर असावी. कर्ज राष्ट्रीयीकृत बँकेचे, सहकारी संस्थेचे किंवा परवानाधारक सावकाराचे असावे. ते थकलेले असावे आणि वसुलीचा तगादाही असावा.

ही चौकट एखाद्या घरात ठेवून पाहा. घरचा कर्ता गेला आहे. तेरावे व्हायच्या आत बाईला सातबारा, आठ-अ, सोसायटीचा दाखला, पोलीस पंचनामा आणि शवविच्छेदनाचा अहवाल गोळा करायचा आहे. तलाठी, कृषी कार्यालय, सोसायटी, ठाणे आणि मग तहसील असा तिचा फेरा. जमीन सासऱ्याच्या नावावर असेल तर वारसाची फेरफार नोंद आलीच. शेत मक्त्याने किंवा बटईने केलेले असेल, तर त्याचा कागदच नाही, कारण कुळाचा हक्क लागू नये म्हणून मालक लिहून देत नाही. कर्ज गावातल्या बिनपरवाना सावकाराचे असेल, तर तोही चिठ्ठी देत नाही. म्हणजे जो सर्वांत जास्त नाडला गेला, तोच कागदावर सर्वांत कमी दिसतो आणि फाइलीवर शेरा पडतो, ‘अपात्र’.

इथे मला सर्वांत जास्त चीड येते. जमीनदाराला तोंडी व्यवहार चालतो, सावकाराला चालतो, पुढाऱ्याला चालतो. त्या तोंडी व्यवहारांत पिळून निघालेल्या माणसाच्या विधवेला मात्र सगळे लेखी हवे. पुढची जवळजवळ दोन दशके ती रक्कमही एक लाखच राहिली. या काळात कापसाच्या बियाण्यापासून मजुरीपर्यंत काय काय वाढले, हे चांदूर बाजारच्या कुठल्याही कृषी केंद्रावर विचारावे.

बाईच्या नावावर जमीन असावी, यासाठी शरद जोशी यांच्या शेतकरी संघटनेने ‘लक्ष्मीमुक्ती’चा कार्यक्रम घेतला होता. नवऱ्याने जिवंतपणीच बायकोच्या नावावर शेत करायचे. सातबाऱ्यावर नाव असलेल्या बाईला कचेरीत वेगळे वागवले जाते, हे तेव्हा गावागावांनी पाहिले.

सिंचनाचे कोटी

वऱ्हाडच्या कोरडवाहू शेतीला पाणी देण्याची जबाबदारी ज्यांच्यावर होती, त्यांचा हिशेब कसा झाला? दांडेकर समितीने १९८४ मध्येच प्रादेशिक अनुशेष मोजून दिला होता. १९९४ मध्ये घटनेच्या कलम ३७१(२) नुसार विकास मंडळे आली. ३० एप्रिल २०२० ला त्यांची मुदत संपली आणि तेव्हा त्यांना मुदतवाढ मिळाली नाही. अनुशेष मोजणारी यंत्रणाच अशी थांबली.

दरम्यान २००९ मध्ये विदर्भ पाटबंधारे विकास महामंडळाच्या ३८ प्रकल्पांची किंमत काही महिन्यांतच ६,६७२ कोटींवरून २६,७२२ कोटींवर गेली. राज्याच्या २०११-१२ च्या आर्थिक पाहणीतून दिसले की दहा वर्षांत सिंचनाखालच्या क्षेत्राचा वाटा १७.८ टक्क्यांवरून जेमतेम १७.९ टक्क्यांवर पोचला. जलसंपदा विभागातले मुख्य अभियंता विजय पांढरे यांनी २०१२ मध्ये पत्र लिहून गैरव्यवहारांवर बोट ठेवले. या आरोपांच्या गदारोळात, आधी जलसंपदा खाते सांभाळलेल्या अजित पवार यांनी २५ सप्टेंबरला उपमुख्यमंत्रिपद सोडले, डिसेंबरात ते परतले. श्वेतपत्रिका निघाली, माधव चितळे यांच्या अध्यक्षतेखाली समिती झाली, प्रकरण नागपूर खंडपीठात गेले. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाने नोव्हेंबर २०१८ च्या शपथपत्रात तत्कालीन मंत्र्यांवर जबाबदारी येते असे म्हटले आणि डिसेंबर २०१९ मध्ये त्याच विभागाने त्यांच्यावर फौजदारी जबाबदारी येत नाही असे लिहून दिले.

एकाच खात्याने वर्षभराच्या अंतराने दोन परस्परविरोधी शपथपत्रे दिली. यातले खरे कोणते, हे ठरवणे माझ्या अधिकारातले नाही. पण दोन्ही लेखी आहेत, म्हणूनच आज त्यांच्यात फरक आहे हे कुणालाही दाखवता येते. लेखी नोंद न्याय देईलच असे नाही. न्याय झाला नाही हे मात्र ती लपवू देत नाही.

आंदोलनाची ताकद आणि मर्यादा

चांदूर बाजार तालुक्याने अन्यायाविरुद्ध दुसरी रीतही शिकवली, ती रस्त्यावरची. बच्चू कडूंचे राजकारण मुळात तिथलेच. अपंगांच्या प्रश्नाला तालुक्याच्या कचेरीतून मंत्रालयापर्यंत नेण्यात त्यांच्या ‘प्रहार’ संघटनेचा वाटा मोठा. ग्रामपंचायतींनी आपल्या निधीतले पाच टक्के अपंगांवर खर्च करावेत, हा नियम अनेक सरपंचांना आंदोलनामुळेच कळला. ३ डिसेंबर २०२२ रोजी महाराष्ट्रात अपंगांसाठी स्वतंत्र विभाग सुरू झाला. २०२४ मध्ये कडू अचलपूरमधून हरले, पण जून २०२५ मध्ये तुकडोजी महाराजांच्या गुरुकुंज मोझरीत कर्जमाफीसाठी उपोषणाला बसले. ते आश्वासनावर सुटले. ऑक्टोबरात नागपूरला पुन्हा आंदोलन करावे लागले, तेव्हा कर्जमाफीच्या निर्णयासाठी ३० जून २०२६ ही तारीख सरकारच्या तोंडून बाहेर आली.

जूनचे आश्वासन आणि ऑक्टोबरची तारीख यांतला फरक कार्यकर्त्यांनी नीट ओळखावा. ‘लवकरच’ या शब्दाचा जाब विचारता येत नाही, तारखेचा विचारता येतो. आणखी एक. आंदोलन नेत्याच्या अंगावर उभे राहते. नेता हरला, थकला किंवा सत्तेत गेला की लोक पुन्हा कचेरीच्या दाराशी एकटे पडतात. दुसऱ्याला जाब विचारणाऱ्या नेत्यालाही शपथपत्राचा नियम तितकाच लागू राहतो, हे चांदूर बाजारनेच दाखवले. दोन्ही गोष्टी एका तालुक्यात घडल्या, याचा मला अभिमान वाटतो.

आपण काय मागायचे

रोजगार हमीत कामाची मागणी नमुना ४ वर करायची आणि नमुना ५ ची तारखेसह पोच घ्यायची, अशी सोय होती. पंधरा दिवसांत काम नाही मिळाले तर बेकारी भत्ता. मग बहुतेकांना भत्ता का मिळाला नाही? पोच दिलीच जात नसे. पोच नाही म्हणजे मागणी नाही आणि मागणी नाही म्हणजे हक्कही नाही. एका चिटोऱ्यावर सगळा कायदा अडकलेला होता.

म्हणून मागणी साधी आहे. अर्ज घेतला की पोच द्या, तीही सही-शिक्का आणि तारखेची. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्याने सेवेला मुदत घालून दिली आहे. ती मुदत प्रत्येक टेबलावर वाचता येईल अशी लावा. अपात्र ठरवायचे असेल तर कारण लिहून द्या. गरिबाकडून कागद मागताना जो कागद तुमच्याच दप्तरात आहे, तो तुम्हीच शोधा. वरून फोन आला तर त्याची नोंद ठेवण्याचे बंधन प्रत्येक कार्यालयावर घाला आणि नोंद ठेवणाऱ्या कर्मचाऱ्याला बदलीपासून संरक्षण द्या. नियमबाह्य हस्तक्षेपाचा दंड तिजोरीतून न जाता हस्तक्षेप करणाऱ्याच्या खिशातून वसूल झाला पाहिजे.

आणि आपणही ग्रामसभेला जावे. ठराव झाला की तो वहीत काय शब्दांत उतरला, ते वाचूनच उठावे. ‘सायबानं सांगतलं’ एवढ्यावर परत फिरू नये. कोणत्या साहेबांनी, कोणत्या नियमाने आणि कोणत्या तारखेला सांगितले, हे विचारावे आणि लिहून मागावे. असे विचारणाऱ्याला आज गावात भांडखोर म्हणतात. शंभर वर्षांपूर्वी देवळाचे दार उघडा म्हणणाऱ्यांनाही असेच बोल लावले गेले होते. ते मागे हटले नाहीत, आपणही हटायचे कारण नाही.