वऱ्हाडच्या वह्या आणि जगाची शिरगणती

वऱ्हाडात पहिली शिरगणती झाली ती १८६७ साली. साऱ्या हिंदुस्थानाची एकाच वेळी जनगणना व्हायला तेव्हा अजून चौदा वर्षे बाकी होती. निजामाने १८५३ मध्ये हा मुलूख इंग्रजांच्या हवाली केला होता. पुढे अमेरिकेतल्या यादवी युद्धाने लँकेशायरच्या गिरण्यांचा कापूस अडला आणि अमरावती-खामगावच्या बाजारात भाव चढले. मुलूख एकाएकी मोलाचा झाला. सारा बसवायचा, रूळ टाकायचे, तर माणसे किती हे कळायला हवे होते. त्या गणतीत २२,२७,६५४ माणसे भरली. १८८१ मध्ये आकडा २६,७२,६७३ झाला, १८९१ मध्ये २८,९७,४९१ आणि १९०१ मध्ये २७,५४,०१६. म्हणजे शेवटच्या दहा वर्षांत वाढ तर सोडाच, जवळजवळ दीड लाख माणसे कमी झाली.

ही माणसे केव्हा, कशाने आणि कोणत्या वयात गेली हे जनगणना सांगत नाही. ती दहा वर्षांतून एकदा दार ठोठावते आणि निघून जाते. मधल्या वर्षांचा हिशेब वऱ्हाडात दुसऱ्याच कागदावर लिहिला जात होता. गावात मूल जन्मले किंवा कोणी मेले की कोतवाल बातमी आणी आणि नोंद ठेवण्याची जबाबदारी पाटलाकडे असे. तारीख, बापाचे नाव, जात, मुलगा की मुलगी आणि मृत्यू असेल तर वय व कारण, एवढेच लिहायचे. बाळाचे नाव बहुधा नसेच, कारण नोंद बारशाच्या आधी होई. गावोगावचे हे आकडे ठाण्यावर, तिथून जिल्ह्याला आणि शेवटी सॅनिटरी कमिशनरच्या वार्षिक अहवालात जात. विदर्भात या दप्तराला आजही कोतवाल बुक म्हणतात. जात पडताळणीच्या फायलीत त्याची नक्कल जोडण्यासाठी तहसीलच्या अभिलेखागारात खेपा घालणाऱ्यांना ते चांगलेच ठाऊक आहे. २०२३ मध्ये राज्यभर कुणबी नोंदींचा शोध सुरू झाला, तेव्हाही जुनी जन्म-मृत्यूची दप्तरे बाहेर निघाली आणि मोडी वाचणाऱ्यांचा भाव वधारला.

पण या वह्यांचा सर्वांत मोठा उपयोग जातीच्या दाखल्यासाठी झालेला नाही. लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समधले लोकसंख्याशास्त्रज्ञ टिम डायसन यांनी वऱ्हाडच्या १८८१ ते १९८० या शंभर वर्षांचा लोकसंख्येचा इतिहास लिहिला. त्यांनीच संपादित केलेल्या १९८९ च्या ग्रंथात तो आहे. ब्रिटिश अमलातल्या हिंदुस्थानात जन्म-मृत्यूची नोंद त्यातल्या त्यात भरवशाची जिथे होती, अशा मोजक्या भागांत वऱ्हाड बसत होते. रयतवारी जमीनपद्धत, सलग काळ्या मातीचे सपाट मैदान, एका ठिकाणी वसलेली गावे आणि पाटलाची पिढीजात वतनदारी या गोष्टी एकत्र आल्या, की गावातला जन्म किंवा मरण लपून राहणे कठीणच. १८९६-९७ आणि १८९९-१९०० या वऱ्हाडातल्या दोन दुष्काळांवर डायसन यांनी वेगळा निबंध लिहिला. आयर्लंडच्या बटाट्याच्या दुष्काळाचे अभ्यासक कॉर्मॅक ओ ग्राडा यांच्यासह संपादित केलेल्या, जगभरच्या दुष्काळांवरील २००२ च्या ग्रंथात तो आला आहे. आयर्लंडच्या दुष्काळाशेजारी वऱ्हाडचे आकडे येऊन बसले ते असे.

दुष्काळाचे चित्र आपल्या मनात ठरलेले असते. पाऊस नाही, पीक नाही, माणसे भुकेने मरतात. महिन्यामहिन्याच्या नोंदी मांडल्या की ते बरेच बदलते. हिंदुस्थानातल्या दुष्काळांवरच्या डायसन यांच्या लेखनातला लक्षणीय मुद्दा असा, की मृत्यू वाढण्याच्या आधीच गर्भधारणा घटू लागते. धान्याचे भाव कडाडतात, घरचा पुरुष कामाच्या शोधात बाहेर पडतो, पोटाची काळजी लागते आणि नऊ महिन्यांनी जन्मांच्या रकान्यात खळगा दिसतो. एका अर्थी जन्मनोंद मागे मोजत गेली, की दुष्काळाची पहिली चाहूल नेमकी केव्हा लागली ते समजते.

मृत्यूंचे शिखरही बरेचदा कोरड्या उन्हाळ्यात येत नाही. ते येते पाऊस परतल्यावर. महिनोन्महिने अर्धपोटी राहिलेल्या अंगाला पावसाळ्यातला मलेरिया आणि पटकी झेपत नाही. पीक शेतात डोलत असताना घरात माणूस जातो, ही वऱ्हाडातल्या जुन्या माणसांना परिचित असलेली विसंगती आकड्यांतून अशी सिद्ध झाली. तिसरी गोष्ट म्हणजे दुष्काळात बायकांपेक्षा पुरुष जास्त प्रमाणात मेले, हे अनेक ठिकाणी आढळले. संकट सरले की जन्म झपाट्याने वाढतात. वऱ्हाडात मात्र पहिला दुष्काळ सरून दोन-तीन वर्षे होत नाहीत तोच दुसरा आला. १९०० साली वऱ्हाडातला मृत्युदर हजारी ऐंशीच्या वर गेला. साध्या वर्षी तो याच्या निम्म्यापर्यंतच असे. लक्ष्मण सत्या यांनी ‘कॉटन अँड फॅमिन इन बेरार’ या १९९७ च्या पुस्तकात या अनर्थाचे मूळ कापसाच्या अर्थकारणात शोधले. परदेशी कापूस पाठवणाऱ्या मुलखातच माणसे उपाशी का मेली, हा तो प्रश्न. वहीतून त्याचे उत्तर मिळत नाही, पण प्रश्न किती मोठा आहे ते वहीच सांगते.

त्यानंतरचा मोठा घाव १९१८ च्या इन्फ्लुएन्झाचा. मध्य प्रांत व वऱ्हाडला या साथीचा फटका फार जबर बसला. १९११ मध्ये वऱ्हाडची लोकसंख्या ३०,५७,१६२ होती आणि १९२१ मध्ये ३०,७५,३१६. दहा वर्षांत वाढ वीस हजारांच्याही आत! भारतात १९२१ नंतर मात्र मृत्युदर कायमचा उतरणीला लागला आणि लोकसंख्या न थांबता वाढत गेली.

या वह्यांचे फार कौतुकही करू नये. मृत्यूच्या कारणांत पटकी, देवी, प्लेग, हगवण, इजा असे मोजके रकाने होते आणि उरलेला जवळजवळ प्रत्येक जण ‘ताप’ या नावाखाली जाई. क्षय असो की बाळंतरोग, पाटील तापच लिही. मेळघाटच्या डोंगरात तर मैदानातली शिस्त कधी पोचलीच नाही.

नोंद अपुरी असली तरी ती किती अपुरी आहे हे मोजता येते. हा शोध जगाच्या लोकसंख्यागणनेत फार मोलाचा ठरला आणि त्याचा जन्म भारतातला. सी. चंद्रशेखरन आणि अमेरिकन संख्याशास्त्रज्ञ एडवर्ड्स डेमिंग यांनी १९४९ मध्ये कोलकात्याजवळच्या सिंगूर भागातल्या आकड्यांवरून ही रीत मांडली. एकाच गावातल्या जन्म-मृत्यूंच्या दोन स्वतंत्र याद्या करायच्या आणि एकमेकींशी ताडून पाहायच्या. दोन्हींत सापडलेली नावे आणि एकीतच सापडलेली नावे यांच्या प्रमाणावरून दोन्हींतून निसटलेल्यांचा अंदाज निघतो. अशीच दुहेरी नोंद भारताच्या नमुना नोंदणी पद्धतीत, म्हणजे एसआरएसमध्ये वापरली जाते. ती १९७० च्या सुमारास देशभर सुरू झाली. निवडलेल्या गावात एक जण वर्षभर नोंदी ठेवतो, दर सहा महिन्यांनी दुसरा माणूस येऊन घरोघर विचारतो आणि फरक पडला की पुन्हा चौकशी होते. देशाचा जन्मदर, बालमृत्युदर म्हणून जे आकडे वर्तमानपत्रात येतात, ते मुख्यतः इथून.

जगाच्या पातळीवर संयुक्त राष्ट्रांनी लोकसंख्या आयोग आणि लोकसंख्या विभाग १९४६ मध्येच स्थापन केले. आशिया-पॅसिफिकसाठी प्रशिक्षण केंद्र हवे होते, म्हणून संयुक्त राष्ट्रे, भारत सरकार आणि सर दोराबजी टाटा ट्रस्ट यांनी मिळून १९५६ मध्ये मुंबईत एक केंद्र उघडले. देवनारची आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्था ती हीच. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी १९९२-९३ पासून या संस्थेच्या देखरेखीखाली होते. पहिल्या पाहणीत महाराष्ट्रात एका स्त्रीला सरासरी २.९ मुले होत होती, २०१९-२१ च्या पाचव्या पाहणीत १.७. लोकसंख्या पिढ्यान्पिढ्या तेवढीच राहायची तर २.१ लागतात. म्हणजे लोकसंख्येचा स्फोट थोपवण्याच्या घोषणा भिंतींवर असतानाच महाराष्ट्राने ती रेषा ओलांडलीही.

अशा पाहण्या अनेक देशांत एकाच धर्तीच्या प्रश्नावलीने होतात, त्यामुळे अकोल्याच्या खेड्यातले उत्तर केनियातल्या उत्तराशेजारी मांडता येते. त्यामागचा अमेरिकी अर्थसाहाय्याचा कार्यक्रम १९८४ पासून चालू होता. २०२५ च्या फेब्रुवारीत अमेरिकेने हात आखडता घेतला आणि तो अडला. भारताची पाहणी सरकारी असल्याने तिचे फार बिघडले नाही, पण अनेक गरीब देशांत माता-बालमृत्यूचा भरवशाचा आकडा देणारे ते जवळपास एकमेव साधन होते.

संयुक्त राष्ट्रांचा न्यूयॉर्कमधला लोकसंख्या विभाग हे सारे एकत्र करून दर दोन वर्षांनी जगाचे अंदाज काढतो. १५ नोव्हेंबर २०२२ हा आठ अब्जांचा दिवस ठरला तो याच हिशेबाने. २०२३ च्या एप्रिलमध्ये भारताने चीनला मागे टाकल्याची बातमीही तिथलीच. २०२४ च्या अंदाजानुसार जगाची लोकसंख्या २०८० च्या दशकात सुमारे १०.३ अब्जांवर जाऊन उतरू लागेल. अमेरिकेतल्या सिएटलच्या आरोग्यमापन संस्थेने २०२० मध्ये हेच शिखर २०६४ साली आणि ९.७ अब्जांवर धरले होते. जन्मदर किती वेगाने आणि कुठवर उतरेल, या एका प्रश्नावर दोघांचे गणित फाटते. साठ वर्षांपुढचा आकडा दशांश चिन्हासह छापला तरी तो भाकितच राहतो, हे वाचकाने विसरू नये.

मोजणीच्या मागोमाग धोरण येते आणि तिथे चित्र एवढे स्वच्छ नाही. संयुक्त राष्ट्रे १९६३ पासून सरकारांना प्रश्नावली पाठवून त्यांच्या लोकसंख्या धोरणांची नोंद ठेवत आली आहेत. १९७४ च्या बुखारेस्ट परिषदेत आरोग्यमंत्री करण सिंग यांनी विकास हेच सर्वोत्तम गर्भनिरोधक असल्याचे सांगितले आणि ते वाक्य जगभर गाजले. दोनच वर्षांनी, आणीबाणीत, त्याच मंत्र्यांच्या काळात, १९७६-७७ या एका वर्षात ८० लाखांहून अधिक नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. महाराष्ट्राच्या विधिमंडळाने तर तीन अपत्यांनंतर सक्तीच्या नसबंदीचे विधेयक मंजूरच केले होते, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते अमलात आले नाही. १९९४ च्या कैरो परिषदेने उद्दिष्टांऐवजी स्त्रीचे आरोग्य आणि निर्णयाचा हक्क पुढे आणला. भारतानेही १९९६ मध्ये उद्दिष्टपद्धत सोडली. पण गावपातळीवर वेगळेच चालू राहिले. १२ सप्टेंबर २००१ नंतर तिसरे अपत्य झाले तर सरपंचपद तर दूरच, ग्रामपंचायतीचे सदस्यत्वही नाही, हा नियम निवडणुकीच्या दिवसांत वऱ्हाडातल्या पारावर तोंडपाठ असतो. मध्य प्रदेश, हरियाणा, हिमाचल यांनी असा नियम करून मागे घेतला, तर आंध्र प्रदेशाने २०२४ मध्ये म्हाताऱ्या होत चाललेल्या लोकसंख्येची काळजी लागल्यामुळे तो रद्द केला.

जुन्या वऱ्हाडच्या जागी आज अमरावती, अकोला, बुलढाणा, यवतमाळ आणि वाशीम हे पाच जिल्हे आहेत. २०११ मध्ये त्यांची मिळून लोकसंख्या १ कोटी १२ लाखांवर होती, १९०१ च्या चौपट. मात्र २००१ ते २०११ मध्ये अमरावती १०.८ टक्क्यांनी आणि अकोला ११.३ टक्क्यांनी वाढले, तर महाराष्ट्र १६ टक्क्यांनी. मुले कमी झाली आणि पोटापाण्यासाठी पुण्या-मुंबईकडे गेलेली परतली नाहीत, दोन्ही कारणे खरी. सहा वर्षांपर्यंतच्या दर हजार मुलग्यांमागे अमरावतीत ९३५ मुली होत्या, अकोल्यात ९१२ आणि शेजारच्या बुलढाण्यात ८५५. गर्भलिंगनिदानाविरुद्ध कायदा करणारे महाराष्ट्र हे १९८८ मधले पहिले राज्य होते, हे या तिसऱ्या आकड्याशेजारी ठेवून वाचावे.

आणि मेळघाट. धारणी आणि चिखलदरा तालुक्यांतल्या बालमृत्यूंचा प्रश्न गेली तीस वर्षे वर्तमानपत्रांत, विधिमंडळात आणि उच्च न्यायालयात गाजतो आहे. त्यातला निम्मा वाद मोजणीचा आहे. घरी जन्मलेले मूल दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी गेले, तर जन्माची नोंद नाही आणि मृत्यूचीही नाही. गडचिरोलीचे डॉ. अभय बंग आणि सहकाऱ्यांनी ‘कोवळी पानगळ’ या अहवालात दाखवले, की गावातल्याच प्रशिक्षित माणसाने घरोघर जाऊन मोजले तर राज्यातले बालमृत्यू सरकारी आकड्यांपेक्षा कितीतरी जास्त भरतात. पुढे सरकारने त्यांच्याच अध्यक्षतेखाली बालमृत्यू मूल्यमापन समिती नेमली. जन्म २१ दिवसांत नोंदवावा असा १९६९ चा कायदा आहे. १ ऑक्टोबर २०२३ पासून सुधारित कायद्याने जन्मदाखल्याला शाळाप्रवेशापासून मतदारयादीपर्यंत सगळीकडे वजन आले आहे, त्यामुळे निदान जन्म तरी नोंदवले जातील. मेलेल्या तान्ह्याच्या दाखल्याची कोणाला गरज पडत नाही.

२०२१ ची लांबलेली जनगणना आता २०२७ मध्ये होत आहे आणि १ मार्च २०२७ ची मध्यरात्र हा तिचा संदर्भक्षण ठरला आहे. दिवाळीनंतर मेळघाटातली कोरकू आदिवासी कुटुंबे कामासाठी मैदानात उतरतात आणि होळीला गावी परततात. त्या वर्षी होळी या क्षणानंतर सुमारे तीन आठवड्यांनी येते. आजवरच्या पद्धतीप्रमाणे गणतीचा सगळा काळ घराबाहेर असलेले कुटुंब जिथे सापडेल तिथे मोजले जाते, म्हणजे धारणीच्या पाड्यावरची अनेक माणसे अकोल्याच्या किंवा आणखी दूरच्या तालुक्यातल्या वीटभट्टीच्या खात्यावर पडतील. अंगणवाडीचा पोषण आहार, आरोग्य उपकेंद्र आणि परिचारिकेची जागा मात्र पाड्याच्या आकड्यावर ठरते.