बाळ मागच्या सीटवर, तोंडही मागेच

अहिल्यानगरमध्ये मी लहान मुलांची डॉक्टर म्हणून काम करते. बाळ-बाळंतीण घरी निघाली की अंगावरचं दूध, नाळेची काळजी, लसीचं कार्ड हे सगळं सांगून झाल्यावर माझा शेवटचा प्रश्न असतो, ‘गाडीत बाळ कुठे बसणार?’ बहुतेक घरांतून एकच उत्तर येतं: आजीच्या मांडीवर. आणि आजी पुढे बसणार असतात, कारण मागे धक्के जास्त लागतात.

आजींची माया मी रोज बघते. रात्र-रात्र बाळ खांद्यावर घेऊन फिरणाऱ्या या बायका आहेत. म्हणूनच त्यांना हिशेब नीट समजावून सांगावा असं मला वाटतं. ताशी ५० किलोमीटरने चाललेली गाडी धडकली, की बॉनेट चेपत चेपत साधारण अर्ध्या मीटरच्या अंतरात ती थांबते. तेवढ्या क्षणात आतल्या प्रत्येक वस्तूचा भार सुमारे वीसपट होतो. ३ किलोचं बाळ ६० किलोचं, १० किलोचं बाळ दोन क्विंटलचं. मार्केट यार्डातल्या अनुभवी हमालालाही अंगावर भिरकावलेलं दोन क्विंटलचं पोतं छातीशी धरून ठेवता येणार नाही. बाळ हातातून सुटतं. आजींनी बेल्ट लावलेला नसेल तर त्यांचंच अंग बाळावर जाऊन पडतं, आणि समोरून एअरबॅग फुटते ती पापणी लवायच्या आत.

कुणी म्हणेल, आम्ही काही एक्स्प्रेस-वेवर चाललो नाही, इथेच राहुरीला निघालोय. गळीत हंगामात संध्याकाळी त्या रस्त्याने जाऊन बघा. उसाने भरलेली, मागे दिवा नसलेली ट्रॉली अंधारातून अचानक समोर येते आणि करकचून ब्रेक दाबावा लागतो. मांडीवरचं मूल डॅशबोर्डवर आपटायला तेवढा ब्रेकही पुरतो.

आपल्याच शहराजवळ व्हीआरडीई ही संरक्षण खात्याची वाहन संशोधन संस्था आहे. देशात कुठलीही गाडी विक्रीला येण्याआधी तिला ज्या मोजक्या संस्थांकडून प्रमाणपत्र घ्यावं लागतं, त्यांत तिचं नाव आहे. गाड्यांच्या चाचण्या हा विषय नगरकरांना नवा नाही. म्हणून आणखी एका चाचणीबद्दल सांगते. ऑक्टोबर २०२३ पासून भारत एनकॅप या योजनेत गाड्यांना तारे मिळतात. मुलांच्या सुरक्षेचे त्यात ४९ गुण आहेत. त्यासाठी दीड वर्षाच्या आणि तीन वर्षांच्या मुलाएवढ्या बाहुल्या गाडीत बसवतात, पण बसवतात त्या चाइल्ड सीटमध्ये, पट्टे आवळून. तेव्हा शोरूममधून पाच ताऱ्यांची गाडी आणली तरी ते तारे तुमच्या मुलाला लागू होतात ते सीट असेल तेव्हाच. कायदाही तेच सांगतो. मोटार वाहन कायद्यात २०१९ साली घातलेल्या कलम १९४-बी नुसार १४ वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा चाइल्ड सीट नसेल तर १,००० रुपये दंड आहे.

आता सीट बसवायची कशी. इथे थोडा वेळ द्या, कारण सीट घेतलेल्या घरांतही ती बरेचदा नुसती ठेवलेली असते.

तान्ह्या बाळाचं डोकं त्याच्या लांबीच्या जवळजवळ पाव हिस्सा असतं, आणि मानेचे मणके अजून पुरते हाडाचे झालेले नसतात, काही भाग कूर्चेचाच असतो. बाळाचं तोंड पुढे असेल तर धडकेत धड पट्ट्यांनी अडतं आणि ते जड डोकं एकटं पुढे झेपावतं. सगळा ताण मानेवर. तोंड मागे असेल तर डोकं, मान, पाठ एकदमच सीटच्या पाठीत दाबली जातात आणि मार सगळीकडे वाटला जातो. युरोपच्या नव्या नियमात किमान १५ महिन्यांपर्यंत उलटं बसवणं सक्तीचं आहे. मी म्हणते, सीटवर लिहिलेली उंची-वजनाची मर्यादा संपेपर्यंत उलटंच ठेवा. ‘पाय दुमडतात हो त्याचे,’ अशी तक्रार येते. दुमडू द्या. या वयाची मुलं एरवीही मांडी घालूनच बसतात. अशी उलटी सीट एअरबॅग चालू असलेल्या पुढच्या सीटवर मात्र कधीही, अगदी पाच मिनिटांसाठीही लावायची नाही.

गाडीच्या मागच्या सीटची पाठ आणि बैठक यांच्या फटीत हात घाला. बऱ्याच नव्या गाड्यांत तिथे पोलादी कड्या लागतात. ते आयसोफिक्स. चाइल्ड सीटच्या दोन्ही दांड्या त्यांत खट्ट आवाज होईपर्यंत ढकलायच्या, खूण हिरवी झाली का बघायचं. एवढ्यावर काम संपत नाही. तिसरा आधार असतो, एकतर जमिनीवर टेकणारा पाय, नाहीतर वरून मागे जाणारा पट्टा, म्हणजे टेदर. पाय असेल तर तो जिथे टेकतो तिथे खाली पोकळ कप्पा नाही ना, हे गाडीच्या पुस्तिकेत बघा. पट्टा असेल तर तो टेदरच्याच कडीत अडकवा. डिकीत सामान बांधायचा हूक वेगळा असतो, तो धडकेत उपटून निघेल.

कड्या नसतील तर गाडीच्या तीन टोकी बेल्टनेही सीट उत्तम बसते, फक्त अंगमेहनत लागते. बेल्टची वाट रंगाने दाखवलेली असते: बऱ्याच सीटवर उलट्यासाठी निळी, सुलट्यासाठी लाल. बेल्ट त्या वाटेने ओवून बकल लावा, एक गुडघा सीटमध्ये रोवून अंगाचा भार टाका आणि दुसऱ्या हाताने बेल्ट ओढून घ्या. मग जिथून बेल्ट जातो तिथेच सीट धरून हलवा. एका इंचापेक्षा जास्त सरकली तर पुन्हा सगळं पहिल्यापासून.

पुढचं काम बाळाच्या पट्ट्यांचं. बाळ उलटं असेल तर पट्टे खांद्याच्या पातळीतून किंवा किंचित खालून यावेत, सुलटं असेल तर किंचित वरून. आवळल्यावर गळ्याखालच्या हाडाजवळ पट्टा चिमटीत पकडायचा. घडी आली तर पट्टा सैल आहे. नगरच्या थंडीत खरी अडचण इथेच येते. जाड स्वेटर, त्यावर दुपटं, आणि त्यावरून पट्टे. वरवर घट्ट दिसतात, पण धडकेत कापूस दबतो आणि बाळ पट्ट्यातून निसटतं. पातळ कपड्यांवर पट्टे आवळा, दुपटं वरून पांघरा. उन्हाळ्यात उलट काळजी: उन्हात लावलेल्या गाडीतलं बकल आधी आपल्या हाताला लावून बघा.

आजींची जागा मागे, बाळाच्या शेजारी. बोट धरायला द्यावं, खुळखुळा वाजवावा, आणि स्वतःचा बेल्ट लावावा. उद्योगपती सायरस मिस्त्री ४ सप्टेंबर २०२२ ला पालघर जिल्ह्यात गाडीच्या अपघातात गेले ते मागच्या सीटवर बसलेले असताना, आणि त्यांनी बेल्ट लावला नव्हता. बाळ रडायला लागलं तर गाडी बाजूला घ्या, मगच त्याला बाहेर काढा. पुण्याला जाताना शिरूरला थांबावंच, तान्हं बाळ इतका वेळ एकाच आकारात बसून राहू नये. घरी पोचल्यावर झोपलेल्या बाळाला सीटमध्येच ठेवायचं नाही. हनुवटी छातीवर पडून श्वास अडू शकतो.

नातेवाइकांकडून सीट मिळाली तर अपघातातली नाही ना, हे विचारा, आणि एआयएस-०७२ किंवा युरोपच्या आर-४४, आर-१२९ या मानकाचं लेबल शोधा. मोठ्या मुलांना बूस्टर लागतो, कारण मोठ्यांसाठी बेतलेला बेल्ट त्यांच्या मानेवर आणि पोटावर येतो. तो खांद्याच्या मधून आणि जांघेच्या हाडावरून गेला पाहिजे. साधारण १३५ ते १५० सेंटिमीटर उंचीपर्यंत ही गरज राहते. ज्यांच्याकडे मोटारसायकलच आहे त्यांच्यासाठीही नियम झाला आहे: ४ वर्षांखालच्या मुलाला चालकाशी बांधणारा पट्टा, ९ महिन्यांपासून पुढे डोक्यावर हेल्मेट आणि वेग ताशी ४० किलोमीटरच्या आत.

दीड महिना, अडीच महिने, साडेतीन महिने, मग ९ महिने आणि दीड वर्ष, अशा लसींना तुम्ही येताच. त्या प्रत्येक वेळी बाळाची लांबी आणि वजन मी कार्डावर लिहून देते. ते आकडे सीटवरच्या लेबलाशी ताडून बघा, आणि खांद्यापाशी पट्टा कुठून येतोय ते तपासा. दोन लसींच्या मध्ये बाळ पट्ट्याच्या एका खाचेइतकं वाढलेलं असू शकतं.