वितस्तेच्या तीरावरील शिकंदर

मॅसिडोनियाचा राजा शिकंदर याच्या विजयांचें श्रेय बहुधा त्याच्या शौर्यास देण्यांत येतें. तो शूर होताच. परंतु शूर पुरुष पोरसाच्या सैन्यांतही थोडे नव्हते. शिवाय सुमारें १८ फुटी भाले धरणारें शिस्तीचें पायदळ त्यास पिता फिलिप याजकडून आयतेंच मिळालें होतें. त्याचें स्वतःचें सामर्थ्य कशांत होतें, हें इ. स. पूर्वी ३२६ मधील वितस्तेच्या, म्हणजे झेलम नदीच्या, युद्धांत दिसून येतें.

नदीस पूर आलेला. पैलतीरीं पोरसाचे हत्ती उभे. हत्तींस पाहून घोडे बुजत, म्हणून समोरून उतरणें अशक्य. पूर ओसरेपर्यंत आपण थांबणार असें शत्रूस वाटावें म्हणून शिकंदरानें धान्याचे साठे करविले. मग रोज रात्रीं घोडदळ तीरावर रणगर्जना करीत फिरूं लागलें. पोरसही हत्ती घेऊन पैलतीरानें धांवे. अखेर तो कंटाळला व धांवेनासा झाला. शिकंदरास हेंच हवें होतें!

सिंधूवरील नावांचे तुकडे गाड्यांतून आणून पुन्हा सांधलेले होतेच. कांहीं सैन्य छावणींत तसेंच ठेवून, एका वादळी रात्रीं, सुमारें १७ मैल वरच्या बाजूस, झाडीनें भरलेल्या बेटाआडून तो पार झाला. पण उतरला तो दुसऱ्याच एका बेटावर! एवढा चतुर सेनापति, आणि ही चूक. पुढील प्रवाहांत पाणी छातीपर्यंत होतें. तरी न थांबतां त्यानें सैन्य त्यांत घातलें. पोरसाचा पुत्र रथ घेऊन आला तेव्हां उशीर झाला होता. रथ चिखलांत रुतले.

त्याच वर्षीं विपाशेच्या कांठीं मात्र थकलेल्या सैन्यानें पुढें येण्याचें नाकारिलें. तेथें यांतील एकही युक्ति चालली नाहीं. तो परत फिरला.