मज्जातंतू मरतो तेव्हा

चटका बसताच आपण हात मागे घेतो. चटक्याची ही वर्दी मेंदूकडे नेतात ते मज्जातंतू. असा तंतू मेला तर पुढे काय होते, हे समजले म्हणजे बधिर चट्ट्याकडे दुर्लक्ष का करू नये, तेही समजते. म्हणून आम्ही हा विषय विद्यार्थी मित्रांपुढे व सभासद बंधुभगिनींपुढे ठेवीत आहोत.

इंग्रज शास्त्रज्ञ ऑगस्टस वॉलर यांनी १८५० साली बेडकाच्या जिभेची नस कापून दाखवून दिले की, मूळ पेशीपासून तुटलेला तंतू मोडून पडतो. त्याची विल्हेवाट कशी लागते, हे उंदीर, फळमाशी व सूत्रकृमी यांच्यावरील प्रयोगांतून अलीकडे उमगले. पेशीच्या आवरणाला दोन थर असतात. फॉस्फॅटिडिलसेरीन नावाचे स्निग्ध द्रव्य आतल्या थरात राखण्यासाठी पेशी सतत ऊर्जा खर्च करते. तुटलेल्या तंतूत 'सार्म-१' हे प्रथिन जागे होते व ऊर्जा आटते. मग ते द्रव्य बाहेरच्या थरावर येते. हीच 'मला उचला' अशी खूण! ती ओळखून भक्षक पेशी तंतूचे तुकडे गिळतात.

ही साफसफाई हवीच. हातापायांच्या नसांत कचरा उचलला गेला की, तंतूभोवतीच्या श्वान पेशी रांगेने राहून नव्या कोंबाला वाट देतात. कोंब दिवसाला सुमारे १ मिलिमीटर वाढतो. म्हणजे कोपरापासून बोटापर्यंत पोचायला वर्षाहून अधिक काळ लागतो.

कुष्ठरोगाचे जंतू नेमके या श्वान पेशींतच घर करतात. त्यामुळे तंतू मरतो आणि नव्या तंतूची वाटही बिघडते. जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ साली शिफारस केलेल्या बहुविध औषधोपचाराने जंतू मरतात. पण मेलेली नस औषधाने परत येत नाही. गडब, पेण, रोहा भागात लावणीच्या चिखलात अनवाणी उतरणाऱ्याच्या बधिर पायात काटा मोडला तरी त्याला कळत नाही. जखम चिघळते आणि व्यंग येते.

तेव्हा अंगावर फिकट वा लालसर बधिर चट्टा दिसला, हातापायांत मुंग्या आल्या किंवा पकड सैल झाली, तर लपवू नये. सरकारी दवाखान्यात औषध मोफत मिळते. नसेची कमजोरी सहा महिन्यांच्या आतली असेल, तर वेळीच उपचार करून ती पुष्कळदा वाचवता येते. लाजेपायी हे महिने वाया जाऊ देऊ नयेत, एवढीच आमची विनंती.