मोटारसायकलचे हँडल : तरफेचा एक धडा

थेरगावच्या डांगे चौकात सकाळी पहिल्या पाळीच्या वेळी भोसरी, तळवडे, चाकणकडे निघालेल्या मोटारसायकलींची रीघ लागते. बहुतेक गाड्यांची हँडले कारखान्यातून आली तशीच असतात. काहींची मात्र बदललेली दिसतात. कोणी बुटके, सरळ हँडल बसवून टाकीवर ओणवा झालेला असतो, तर कोणी उंच हँडलला लटकल्यासारखा बसलेला असतो. अशा बदलामागे सहसा दोन कारणे असतात : रुबाब आणि पाठदुखी. दुसरे कारण क्षुल्लक नाही. चाकणला जाऊन-येऊन रोज ४०-५० किलोमीटर गाडी चालवणाऱ्याला हँडल आपल्या हातांना जुळावे असे वाटले, तर त्यात गैर काय?

पण हँडल ही पडद्याच्या दांडीसारखी सुटी वस्तू नव्हे. गाडीचे वळणे, ब्रेक, क्लच, रेस आणि चालवणाऱ्याची बसण्याची ढब या सगळ्यांची गाठ तिथे पडते. एक माप बदलले की काय काय बदलते, ते आपण शाळेतल्या तरफेपासून सुरुवात करून पाहू.

लांबी आणि बळ

पुढचे चाक ज्या आसाभोवती वळते तो आस म्हणजे टेकू आणि आसापासून मुठीपर्यंतचे अंतर म्हणजे बलभुजा. समजा, सरळ हँडलची रुंदी ७० सेंमी आहे. बलभुजा झाली ३५ सेंमी. मुठीवर २० न्यूटन बल लावले, तर बलाचे आघूर्ण २० × ०.३५ = ७ न्यूटन-मीटर. आता ५० सेंमी रुंदीचे हँडल बसवले. बलभुजा २५ सेंमी झाली. तेवढ्याच आघूर्णासाठी आता ७ ÷ ०.२५ = २८ न्यूटन बल लागेल. उलट, चाक ५ अंशांनी वळवताना रुंद हँडलची मूठ सुमारे ३ सेंमी सरकते, अरुंद हँडलची सुमारे २.२ सेंमी. बळ वाचवायचे तर अंतर जास्त कापावे लागते. तरफेचा हा नियम इथेही सुटत नाही.

वेगात याचे महत्त्व वाढते. वेगाने जाणारी दुचाकी डावीकडे वळवायची असेल, तर क्षणभर डावी मूठ पुढे ढकलावी लागते, म्हणजे हँडल उजवीकडे वळवावे लागते! चाके किंचित उजवीकडे सरकतात, गाडी डावीकडे कलते आणि मग त्या बाजूला वळते. आपण हे नकळत करतो. विमानाआधी सायकली बनवणाऱ्या विल्बर राइटच्याही ही गोष्ट लक्षात आली होती. अचानक समोर आलेला खड्डा चुकवताना हात सवयीइतकाच जोर लावतात. हँडल अरुंद झाले असेल, तर तेवढा जोर पुरत नाही.

शरीराचा भार

६० किलो वजनाच्या माणसाचा कमरेवरचा भाग ढोबळमानाने ४० किलोचा धरू. त्याचा गुरुत्वमध्य कमरेपासून ३० सेंमी वर आहे असे मानू. माणूस १० अंश पुढे झुकला, तर हा गुरुत्वमध्य कमरेच्या पुढे सुमारे ५ सेंमी जातो. ३० अंश झुकला, तर १५ सेंमी. म्हणजे बुटक्या हँडलने पाठीचे स्नायू आणि मनगटे यांच्यावर पडणारे आघूर्ण जवळजवळ तिप्पट होऊ शकते. मग उंच हँडल सर्वांत चांगले का? तसेही नाही. हात खांद्यांच्या वर गेले की ते धरून ठेवण्यातच खांदे थकतात. शिवाय ताठ बसल्यावर वारा छातीवर आदळतो. वेग दुप्पट झाला, तर वाऱ्याचा रेटा चौपट होतो, आणि तो पेलण्यासाठी हँडल घट्ट आवळून धरावे लागते.

केबलची लांबी

खरा धोका इथे आहे. क्लचची आणि रेसची केबल म्हणजे एका लवचीक नळीतून सरकणारी तार. नळीचे टोक आणि तारेचे टोक यांच्यातले अंतर बदलले, की पलीकडचा भाग हलतो. हँडल उंच केले आणि केबल जुनीच ठेवली, तर पूर्ण वळवल्यावर ती ताणली जाते आणि मूठ न पिळताच रेस वाढू शकते. चिंचोळ्या गल्लीत गाडी वळवताना ती आपोआप पुढे झेपावली, तर काय होईल याची कल्पना करता येते. डिस्क ब्रेकची नळीही अशीच ताणली जाते. ती बदलताना तेलात हवेचे बुडबुडे राहिले, तर ब्रेक लागत नाही. कारण तेल दाबले जात नाही, हवा दाबली जाते. पास्कलच्या नियमाचा हा रस्त्यावरचा दाखला आहे.

बुटके हँडल पूर्ण वळवल्यावर टाकीला टेकते आणि मधे अंगठा चेमटतो. जुन्या हँडलचा पाइप कापून, वेल्डिंग करून उंची वाढवणे तर टाळलेच पाहिजे. ब्रेक मारताना शरीराचा रेटा हातांवर येतो आणि हँडलला सर्वांत जास्त बाक क्लॅम्पजवळ बसू पाहतो. नेमका तिथला जोड कच्चा असला, तर तो तुटण्याची भीती असते.

कायद्याचेही भान हवे. मोटार वाहन कायदा, १९८८ च्या कलम ५२ नुसार, नोंदणी प्रमाणपत्रातील तपशील निर्मात्याने दिलेल्या मूळ तपशिलाशी विसंगत होतील असा बदल वाहनात करता येत नाही. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानेही या कलमाचा काटेकोर अर्थ लावला. अपघातात वाकलेल्या हँडलच्या जागी त्याच मापाचे मूळ हँडल बसवणे ही गोष्ट वेगळी.

करून पाहा

वर्गासाठी आम्ही सायकल सुचवतो. पुढचे चाक जमिनीवर टेकलेले ठेवून हँडलच्या टोकाला स्प्रिंगकाटा अडकवा, हँडलशी काटकोनात ओढा आणि चाक वळू लागताच बल वाचा. मग काटा आसापासून निम्म्या अंतरावर अडकवून पुन्हा मोजा. दुसरे बल पहिल्याच्या जवळपास दुप्पट येते का?

मोटारसायकलच्या हँडलचे काम झाल्यावरची चाचणीही सोपी आहे, पण ती मोठ्यांनीच करावी. मोकळ्या हवेत गाडी मेन स्टँडवर, न्यूट्रलमध्ये ठेवून इंजिन चालू करा. हँडल सावकाश एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत वळवा. इंजिनाचा आवाज जराही बदलला, तर गाडी रस्त्यावर नेऊ नका.

आणि पाठदुखीचे काय? नवे हँडल विकत घेण्याआधी एक उपाय करून पाहावा. अनेक गाड्यांत क्लॅम्पचे बोल्ट सैल करून हँडल काही अंश मागे फिरवता येते, ब्रेक-क्लचच्या लिव्हरचा कोनही बदलता येतो. मनगट हाताच्या सरळ रेषेत येईल असा कोन मिळाला, की बोल्ट माहितीपुस्तिकेत दिल्याप्रमाणे, सारख्या ताणाने आवळावेत आणि वरची चाचणी पुन्हा करावी. पुष्कळदा एवढ्यानेच काम भागते.