गाठ साधीच, पण कोणती?

देवणीच्या बाजारात बैलाच्या वयाचा दाखला कुणी मागत नाही. घेणारा खालचा ओठ अंगठ्यानं ओढतो, आत नजर टाकतो आणि सांगून मोकळा होतो: अदत, दोन दाती, चार दाती, सहा दाती, जुळलेला. गाईबैलांना वरच्या जबड्यात पुढचे दात नसतातच, त्यामुळे सगळा हिशेब खालच्या आठांवर. ज्या गावाचं नाव एका गोवंशानं देशभर नेलं, तिथं ही विद्या कुणाला शिकवावी लागत नाही.

माणसाच्या जबड्यालाही असंच वेळापत्रक आहे, पण ते कुणी इतक्या बारकाईनं बघत नाही. उजवीकडचा सुळा येऊन वर्ष झालं आणि डावीकडचा अजून नाही, तरी ‘येईल की’ म्हणून विषय संपतो. बहुतेकदा तो येतोही. येत नाही तेव्हा कधीकधी त्याची वाट हाडातल्या एका गाठीनं अडवलेली असते. तिचं नाव ओडोन्टोमा. यात दात घडवणाऱ्या पेशी एनॅमल, डेंटिन असा सगळा माल तयार करतात, पण त्यातून धड दात उभा राहत नाही. नुसता कठीण गोळा होतो, नाहीतर दातुकल्यांची रास.

जुलै २०१४ मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात बुलढाणा जिल्ह्यातला १७ वर्षांचा एक मुलगा आला. दीड वर्षापासून उजव्या जबड्याला सूज. गावाकडे निदान होईना आणि वडिलांच्या मनात कर्करोगाची भीती. दंतविभागाच्या डॉ. सुनंदा धिवरे-पालवणकर आणि सहकाऱ्यांनी गाठ उघडली आणि आतून दात निघू लागले. मोजले तेव्हा २३२ भरले. उरलेल्या दगडी गोळ्यापुढे ड्रिलनं हात टेकले, तेव्हा छिन्नी-हातोडी घ्यावी लागली. बातमी जगभर गेली. (२०१९ मध्ये चेन्नईत सात वर्षांच्या मुलाच्या जबड्यातून ५२६ निघाले आणि आपला आकडा मागे पडला.) ‘ओडोन्टोम’ हे नाव १८६०च्या दशकात देणारे पॉल ब्रोका म्हणजे मेंदूतल्या वाचाकेंद्राला ज्यांचं नाव आहे तेच. एवढं मोठं डोकं दाताच्या गाठीतही रमलं होतं, याची मला फार गंमत वाटते.

बातम्या २३२ वर थांबल्या. खरं तर ओडोन्टोमा ही ओळखायला सोपी गाठ. एक्स-रेमध्ये दातुकली दिसली की प्रश्न मिटतो. अवघड त्या पुढच्या. जबड्याच्या हाडात वाढणाऱ्या, कर्करोग नसलेल्या गाठींमध्ये फायब्रस डिस्प्लेसिया आणि ऑसिफाइंग फायब्रोमा या दोघी अशा आहेत की तुकडा काढून सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला तर दोन्हीकडे तंतुमय ऊती आणि त्यात विखुरलेलं कच्चं हाड. अनुभवी पॅथॉलॉजिस्टही नुसत्या काचपट्टीवर पैज लावणार नाही.

फरक आहे तो बांधाचा. ऑसिफाइंग फायब्रोमा म्हणजे बांध घातलेलं रान. गाठ कुठं संपते आणि चांगलं हाड कुठं सुरू होतं ते एक्स-रेमध्ये रेघ मारल्यासारखं दिसतं, त्यामुळे सर्जन ती बहुधा अख्खी सोडवून काढू शकतो. फायब्रस डिस्प्लेसियाला बांधच नाही. काळी जमीन चालता चालता मुरमाड होत जावी आणि नेमकी कुठल्या पावलाला झाली ते सांगता येऊ नये, तसं. मग खणायचं कुठवर? म्हणून इथं पुष्कळदा मुलाची वाढ संपेपर्यंत थांबतात आणि नंतर चेहऱ्याला बाक आणणारा भाग तेवढा तासतात. आता रानाच्या मधोमधून चिमूटभर माती उचलून प्रयोगशाळेत दिली, तर त्या रानाला बांध आहे की नाही हे ती माती कशी सांगणार? बायोप्सीचा तुकडा ही ती चिमूट.

उलटी गंमत पाहा. क्रोएशियातल्या क्रापिना इथल्या, सुमारे १,२०,००० वर्षांपूर्वीच्या निअँडरथल माणसाच्या बरगडीत फायब्रस डिस्प्लेसियासारखी गाठ असल्याचं २०१३ मध्ये जाहीर झालं. मऊ ऊती केव्हाच मातीला मिळालेल्या. संशोधकांनी एक्स-रे आणि सीटी यांच्यावरच निदान केलं.

खालच्या पुढच्या दातांच्या मुळाशी, बहुधा मध्यमवयीन बायकांमध्ये, आणखी एक प्रकार दिसतो: सिमेंटो-ऑसियस डिस्प्लेसिया. एक्स-रेमध्ये तो थेट मुळाशी पू झाल्यासारखा दिसतो आणि चांगल्या दाताचं रूट कॅनल होऊन जातं. दाताला गार लावून संवेदना पाहिली तर दात जिवंत असल्याचं कळतं. इथं तुकडा काढणंही शक्यतो टाळतात, कारण त्या हाडात जंतुसंसर्ग शिरला की आवरत नाही. आणि जबड्यातली आणखी एक गाठ, मोठाल्या पेशींची जायंट सेल गाठ, तिचं उत्तर तर जबड्यात नसतंच. मानेतल्या पॅराथायरॉइड ग्रंथी बिघडल्यावर होणारी गाठ काचपट्टीवर हुबेहूब तशीच दिसते. दोघींना वेगळं करते ती रक्तातल्या कॅल्शियमची आणि पॅराथायरॉइड हार्मोनची तपासणी.

अशा गाठी महाराष्ट्रात किती? इथं येन्स पिंडबोर्ग आठवतात. डेन्मार्कचे हे पॅथॉलॉजिस्ट दंतवैद्यकाच्या विद्यार्थ्यांना ‘पिंडबोर्ग ट्यूमर’पुरते ठाऊक असतात; जबड्यातल्या त्या दुर्मीळ गाठीवरचा त्यांचा निबंध १९५८चा. पण मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेतले डॉ. फली मेहता आणि त्यांच्या गटाबरोबर त्यांनी खेड्यापाड्यांत तोंडाच्या रोगांचा जो अभ्यास केला, तो मला त्या गाठीपेक्षा मोठा वाटतो. १९७२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत पुणे जिल्ह्यातल्या १,०१,७६१ गावकऱ्यांची तोंडं तपासलेली होती. तंबाखू आणि तोंडाचा कर्करोग यांबद्दल आपण आज जे ठामपणे बोलतो, त्यामागे असली पायपीट आहे. हाडातल्या गाठींची मात्र अशी गणती करता येत नाही. गालाच्या आतला चट्टा उजेडात दिसतो, हाडाच्या आतलं एक्स-रेशिवाय दिसत नाही, आणि ठणठणीत माणसांचे लाखभर एक्स-रे काढणं कुणी मान्य करणार नाही, करूही नये. म्हणून या गाठींबद्दलची माहिती येते ती बहुतेक रुग्णालयांच्या नोंदवह्यांतून, म्हणजे जे तिथवर पोचले त्यांचीच.

आता ओपीजी, म्हणजे अख्ख्या जबड्याचा एक्स-रे, पाहून गाठ ओळखणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेचा गाजावाजा आहे. त्यातले अनेक प्रयोग एखाद-दुसऱ्या संस्थेतल्या चित्रांवर केलेले असतात, आणि यंत्र शिकवलेल्या चार-पाच नावांतूनच एक निवडतं. पिंडबोर्गची गाठ त्या यादीत नसेल तर तिला ते जवळचं दुसरं नाव देईल आणि वर खात्रीची टक्केवारीही छापेल. याउलट २०१४ मध्येच जबड्याचं हाड पोखरणाऱ्या अमेलोब्लास्टोमात बीआरएएफ जनुकातला बिघाड सापडला, ही बातमी कमी गाजली पण जास्त कामाची. ही गाठ नुसती खरवडली तर पुष्कळदा पुन्हा येते, म्हणून जबड्याचा भागच कापावा लागतो. मेलानोमा या त्वचेच्या कर्करोगासाठी आलेल्या गोळ्यांनी काही रुग्णांत ती आकसली आहे.

आपल्याकडची अडचण साधी आहे. समजा, देवणीच्या पेशंटचा तुकडा बाटलीतून लातूरला गेला, सोबतच्या चिठ्ठीवर ‘जबड्याची सूज’ एवढेच शब्द आणि ओपीजीची फिल्म घरी कपाटात. फार तर खिडकीच्या उजेडात धरून काढलेला तिचा फोटो व्हॉट्सअॅपवर पोचतो, आणि त्या फोटोत पहिल्यांदा पुसट होते ती गाठीची कड. म्हणून बाटलीबरोबर मूळ फिल्म किंवा सीडी जावी. चिठ्ठीवर वय, बाजू, सूज किती दिवसांची आणि शेजारचे दात जिवंत आहेत का, हेही लिहिलेलं असावं.